उडालेला रंग आणि जुनी मोटार

जुन्या मोटारीचे अंतरंग न्याहाळले असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. बैठकीचा वरचा भाग व दारांचे अस्तर फिके पडलेले असते. परंतु शिवणीच्या घडीत दडलेल्या पट्टीचा रंग पुष्कळदा टवटवीत राहिलेला असतो. वय दोहोंचे एकच. भेद आहे तो प्रकाशाचा.

रंगद्रव्याचे रेणू प्रकाशाचा काही भाग शोषून घेतात. उरलेला परावर्तित होतो व आपणांस रंग म्हणून दिसतो. 350 नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांची ऊर्जा दर मोलास सुमारे 340 किलोज्यूल भरते. कार्बनचे दोन अणू जोडणारा साधा बंध तोडण्यास जवळजवळ तितकीच ऊर्जा लागते. साध्या काचेतून हे किरण बऱ्याच प्रमाणात आत येतात. त्यांच्या माऱ्याने रेणू मोडला की त्याचा रंगही जातो, आणि तो कोणत्याही लेपाने परत येत नाही.

मग तेल चोळताच चामडे पूर्ववत का दिसते? जुन्या पृष्ठभागावरील सूक्ष्म भेगांत हवा असते व तेथे प्रकाश विखुरतो. तेल भेगा भरून काढते, विखुरणे घटते आणि उरलेला रंग गडद भासतो. तेल ओसरले की फिकेपणा पुन्हा उघडा पडतो. हा केवळ दृष्टीचा भास होय.

खरा उपाय म्हणजे नव्या रंगाचा लेप. प्रथम सौम्य साबणाच्या पाण्याने मळ काढावा. जुन्या पॉलिशचा अंशही राहू देऊ नये, कारण त्यावर रंग धरत नाही. नंतर चामड्यासाठी बनविलेल्या लवचीक रंगाचे पातळ थर, प्रत्येक थर वाळवून, द्यावेत. छटा जुळवावी ती घडीतील न विटलेल्या पट्टीशी. दिव्याखाली जुळलेली छटा उन्हात निराळी दिसू शकते, म्हणून दोन्ही प्रकाशांत पडताळा घ्यावा. आरंभी एखाद्या आडबाजूच्या कोपऱ्यावर प्रयोग करणे श्रेयस्कर.

भारतात 2021 साली केलेल्या नियमांनुसार, प्रथम नोंदणीस पन्नासहून अधिक वर्षे झालेली व मूळ रूपात जपलेली मोटार ‘व्हिंटेज’ गणली जाते. तिच्या मूळ रंगाची साक्ष देणारी ती दडलेली पट्टी मात्र कधीही रंगवू नये. ती झाकली गेली, तर पुढील कारागिराने रंग जुळवावा तो कशाशी?