हेझल बर्कचं राज्य

जॉर्ज बॅक्स्टर हा नावाजलेला वकील. बड्या अशिलांपुढे त्याचा शब्द चालतो. घरी मात्र चालतो तो हेझल बर्कचा. ती बॅक्स्टरांकडे राहूनच काम करते. मालकाला ती 'मिस्टर बी' म्हणते, मालकीण डोरोथीला 'मिसी' आणि त्यांच्या मुलाला, हॅरॉल्डला, 'स्पोर्ट'. स्वयंपाकघर तर तिचंच. पण अशिलाची समजूत कशी काढावी, हे मालकाला सुनवायलाही ती मागेपुढे पाहत नाही. आणि बहुतेक वेळा शेवटी तिचंच म्हणणं खरं ठरतं. २८ सप्टेंबर १९६१ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सुरू झालेली 'हेझल' ही मालिका या उलट्या उतरंडीवर उभी होती. पहिल्याच हंगामात लोकप्रियतेत ती देशात चौथी आली. पाच हंगामांत १५४ भाग झाले.

हेझल जन्मली ती कागदावर. टेड की या व्यंगचित्रकाराने १९४३ मध्ये 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट'मध्ये तिला आणलं. एका चौकटीत एकच प्रसंग, त्यामुळे चित्रातल्या हेझलला हुकमत पुरत होती. पडद्यावर अर्धा अर्धा तास तिच्या सोबतीने काढायचा तर तिला मन हवं होतं.

ते मन शर्ली बूथ यांनी दिलं. ब्रॉडवेच्या रंगभूमीवर मुरलेली ही अभिनेत्री. 'कम बॅक, लिटल शीबा'मधल्या खचलेल्या गृहिणीच्या भूमिकेसाठी त्यांना रंगमंचावर टोनी मिळालं होतं आणि चित्रपटासाठी ऑस्करही. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्या मोलकरणीचा पोशाख घालून उभ्या राहिल्या आणि या भूमिकेला त्यांनी कुठेही कमी लेखलं नाही. त्यांची हेझल मालकाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलते, पण त्यात मुजोरी नसते. हे घर आपल्याला या माणसापेक्षा जास्त कळतं, एवढा साधा विश्वास असतो. बॉलिंगमध्ये ती पटाईत आहे, शेजारच्या घरांतल्या मोलकरणींशी तिची घट्ट मैत्री आहे. १९६२ आणि १९६३ अशी लागोपाठ दोन एमी पारितोषिकं बूथ यांना मिळाली. माझ्या मते मालिकेचं खरं बळ विनोदात नाही, या वागण्यातल्या सन्मानात आहे.

पण हा सन्मान पडद्यावरच्या प्रत्येक मोलकरणीच्या वाट्याला आला नव्हता. १९५० साली एबीसीवर 'ब्यूला' आली होती. तीही मोलकरणीचीच गोष्ट, फक्त ब्यूला कृष्णवर्णीय. हे पात्र रेडिओवर गाजलं तेव्हा आधी त्याला आवाज दिला होता मार्लिन हर्ट या गोऱ्या पुरुषाने. पुढे हॅटी मॅकडॅनियल आल्या, आणि टीव्हीवर एथेल वॉटर्स, मॅकडॅनियल व लुईझ बीव्हर्स या तिघींनी ती भूमिका केली. मालकांच्या सुखापलीकडे ब्यूलाला स्वतःचं काही मागणं असेल, असं लेखकांना क्वचितच सुचलं. एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेने १९५१ मध्ये या चित्रणाचा जाहीर निषेध केला. हेझल गोरी होती म्हणून मालकाशी वाद घालू शकली, असं मला वाटतं. तेच बोलणं ब्यूलाच्या तोंडी त्या काळच्या किती प्रायोजकांनी चालवून घेतलं असतं? प्रत्यक्षात १९६० च्या सुमारास नोकरी करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी तिघींतली एक तरी दुसऱ्यांच्या घरात राबत होती.

आणि हेझलचं राज्य तरी किती? १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून घरकामगार आणि शेतमजूर वगळले गेले होते. १९५० च्या दुरुस्तीने नियमित घरकाम करणाऱ्यांना निवृत्तिवेतनाचं दार उघडलं. किमान वेतन आणि कामाचे तास ठरवणारा १९३८ चा कायदा मात्र घरकामाला लागूच नव्हता. म्हणजे पडद्यावर हेझल मिस्टर बींना दर आठवड्याला हरवत होती, तेव्हा तिच्यासारख्या बाईचा दिवस किती वाजता संपावा, हे सांगणारा देशव्यापी कायदा नव्हता. घरच्यासारखी वागणूक मिळते म्हटलं की तास मोजणं कोतेपणाचं वाटू लागतं. आपल्याकडच्या घरांतही हे चालतं. पाचव्या हंगामात वाहिनी बदलून मालिका सीबीएसवर गेली. जॉर्ज आणि डोरोथी कामानिमित्त मध्यपूर्वेत गेल्याचं दाखवलं, आणि हेझल हॅरॉल्डसह जॉर्जच्या धाकट्या भावाच्या घरी राहायला आली. मालक गेले की नोकरीबरोबर छप्परही बदलतं, ही तिच्या कामातली सर्वांत अवघड गोष्ट. कथेत ती सहज ओलांडली गेली.

१९६६ मध्ये मालिका थांबली. दोनच वर्षांनी अटलांटात डोरोथी बोल्डन यांनी घरकामगार स्त्रियांची राष्ट्रीय संघटना उभारली. सभासद होणाऱ्या बाईने मतदार म्हणून नाव नोंदवावं, असा त्यांचा आग्रह असे. १९७४ मध्ये किमान वेतन घरकामालाही लागू झालं. जादा तासांच्या दुप्पट नाही तरी दीडपट मोबदल्याचा हक्कही आला, पण मालकाच्या घरात राहणाऱ्यांना त्यातून वगळलं गेलं. न्यूयॉर्क राज्याने २०१० साली स्वतंत्र कायदा केला, तेव्हा तिथल्या राहत्या घरकामगारांना आठवड्याच्या ४४ तासांनंतर जादा मोबदला आणि एक सुटीचा दिवस मागता येऊ लागला.