परसातली गुळवेल

सातारा-सांगलीकडच्या परसांत कडुनिंबावर चढलेली गुळवेल आपण पाहिली असेल. पावसाळ्याच्या तोंडावर बोटभर जाडीचे कांडे झाडाशी रोवले की ती सहज रुजते. खोडावर ठळक गाठी असतील, तर मात्र ती निराळी वेल समजावी.

लावणे सोपे, सेवन जपून. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने वेलीच्या ओळखीविषयीच शंका घेतली. तो वाद असो. मधुमेहाच्या गोळ्यांसोबत रोज काढा घेतल्यास साखर अधिक उतरू शकते. पण रुग्ण विचारल्याखेरीज काढ्याचा उल्लेखच करत नाहीत. त्यांच्या लेखी ते औषधच नव्हे! भूक मंदावली, लघवी गडद झाली वा डोळे पिवळसर दिसले, तर काढा त्याच दिवशी थांबवून यकृताची तपासणी करून घ्यावी.