‘मॅडम, मी गेम हॅक केला!’ : गेममधले आकडे राहतात कुठे आणि मुलं ते बदलतात कसे



सहावी-सातवीच्या मुलांच्या गप्पांकडे मधल्या सुट्टीत जरा कान दिला तर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मी तो गेम हॅक केला." हेच वाक्य घरी गेलं की दोन प्रकार होतात. काही घरांत पोराचं कौतुक होतं, हा आता मोठा कॉम्प्युटर इंजिनिअर होणार म्हणून. काही घरांत एकदम घाबरगुंडी, आता पोलीस येणार की काय! पण दोन्ही घरांत मुलाला एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही, "तू नेमकं काय केलंस ते मला दाखव बरं." कारण उत्तर कळेल याची आपल्यालाच खात्री नसते. म्हणून आज हा विषय घेतला आहे. यात गणित आहे, तर्क आहे, आणि घरातल्या मोबाईलची सुरक्षितताही आहे.

आधी आकडा कुठे असतो ते पाहू

कॉम्प्युटरमध्ये माहिती दोन ठिकाणी असते. हार्ड डिस्क म्हणजे आपली वही. लिहिलेलं टिकून राहतं. रॅम म्हणजे वर्गातला फळा. तास चालू असेपर्यंत त्यावर लिहायचं, पुसायचं, परत लिहायचं, आणि वीज गेली की फळा कोरा. गेम चालू असतो तेव्हा त्याचे सगळे चालू आकडे या फळ्यावर असतात. किती नाणी, किती जीव, किती गोळ्या, कोणता खेळाडू कुठे उभा आहे, सगळं. पडद्यावर आपल्याला जे दिसतं ते फळ्यावरच्या आकड्याचं चित्र असतं.

हा फळा लहान लहान चौकटींत आखलेला आहे असं समजा. प्रत्येक चौकटीला क्रमांक आहे, त्याला पत्ता म्हणतात. एका चौकटीत एक बाइट मावतो, म्हणजे ० ते २५५ पर्यंतचा आकडा. गेमला मोठे आकडे लागतात, म्हणून बहुतेक वेळा चार चौकटी जोडून एक आकडा ठेवतात. चार बाइटच्या अशा आकड्यात, ऋण संख्याही ठेवायच्या असतील तर, जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. त्यात आणखी १ मिळवला तर आकडा एकदम ऋण होतो! जुन्या स्कूटरच्या मीटरवर ९९९९९ नंतर ००००० यायचे, तसाच हा प्रकार. स्थानिक किंमत शिकवताना मोठ्या मुलांना हे जरूर सांगा, डोळे विस्फारतात.

अडीच कोटींतून एक कसा शोधायचा?

आता खरी गंमत. मेमरी एडिटर नावाची साधनं असतात. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे ‘चीट इंजिन’. फुकट मिळतं, त्याचा कोडही सगळ्यांसाठी खुला आहे. हे साधन चालू गेमच्या फळ्यावर डोकावतं आणि तिथला आकडा बदलू देतं. पण बदलायचा तर आधी तो कुठे लिहिलाय ते माहीत हवं ना? गेमने समजा फक्त १०० एमबी जागा वापरली, तरी चार-चार बाइटच्या अडीच कोटींपेक्षा जास्त जागा होतात. त्यातली आपली कोणती?

उदाहरण म्हणून ‘प्लांट्स व्हर्सेस झोंबीज’ घेऊ. २००९ सालचा, घरी एकट्याने खेळायचा गेम. अंगणात झाडं लावायची आणि झोंब्यांना घरात शिरू द्यायचं नाही. झाडं विकत घ्यायला ‘सूर्य’ लागतात. दिवसाच्या साध्या पातळीत सुरुवातीला ५० असतात, आकाशातून पडणारा एक सूर्य टिपला की २५ मिळतात, आणि सूर्यफुलाचं रोप ५० ला येतं.

मुलगा काय करतो? पडद्यावर ५० दिसत असताना साधनाला सांगतो, ५० कुठे कुठे आहे ते शोध. भरपूर जागा सापडतात, कारण ५० हा आकडा आवाजाच्या सेटिंगचा असेल, एखाद्या चित्राच्या जागेचा असेल, कशाचाही असेल. मग गेममध्ये परत जाऊन एक सूर्य टिपतो. झाले ७५. आता साधनाला म्हणतो, मघाशी सापडलेल्यांपैकी आता ७५ कुणाकडे आहेत? यादी एकदम लहान होते. मग सूर्यफूल लावतो, उरले २५. आता त्या उरलेल्यांत २५ कुणाकडे? एक-दोन जागाच उरतात. तिथे ५००० लिहायचं. पडद्यावर ५००० सूर्य!

बस, एवढंच आहे. कुठे भिंत फोडली नाही, कुणाचा पासवर्ड चोरला नाही. आपण ‘मी मनात धरलेली संख्या ओळखा’ हा खेळ घेतो, त्याचाच हा भाऊ. प्रत्येक प्रश्नाने शक्यता कमी करत जायच्या. फरक एवढाच की इथे संख्या आपल्याला माहीत आहे आणि तिचं घर शोधायचं आहे.

काही गेममध्ये आकडा दिसतच नाही, नुसती जीवाची हिरवी पट्टी असते. मग काय? साधनात ‘सुरुवातीची किंमत माहीत नाही’ असाही पर्याय असतो. सगळ्या जागांची नोंद करून ठेवायची. मार खाल्ला की विचारायचं, कुठला आकडा कमी झाला? औषध घेतलं की, आता कुठला वाढला? काहीच केलं नाही तर, कुठला तसाच राहिला? आकडा न कळता नुसत्या कमी-जास्तवरून उत्तराजवळ जाता येतं. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो. संख्या न देता तुलना शिकवायला आपण पहिलीपासून जो खटाटोप करतो, तो इथे पोरं आपणहून करतात.

मुलं आणखी एक शब्द वापरतात, ‘फ्रीझ’. आकड्यासमोर खूण केली की साधन तोच आकडा परत परत तिथे लिहीत राहतं. गेमने जीव ९० केला की हे लगेच १०० करणार. एक मुलगा फळ्यावरचं पुसतोय आणि दुसरा त्याच्या मागोमाग तेच लिहितोय, असं.

आणि मग मुलाची तक्रार येते, "काल सापडलेला पत्ता आज चालत नाही." बरोबरच आहे. गेम बंद करून पुन्हा सुरू केला की आकडा बहुधा नव्या जागी बसतो. मुलं रोज बाक बदलून बसतात तसं. अशा वेळी बाक लक्षात ठेवून उपयोग नाही, कोण कुठे बसलंय हे सांगणारी नोंद शोधावी लागते. तिला पॉइंटर म्हणतात. इथपर्यंत स्वतःच्या डोक्याने पोचलेला मुलगा किंवा मुलगी दिसली तर त्यांना जरूर प्रोग्रामिंगकडे वळवा. या साधनासोबत सरावाचा एक छोटा प्रोग्रामही येतो, त्यात हेच पायरीपायरीने करून बघता येतं.

हे काही आजचं नाही

माझ्या वयाच्या शिक्षकांना सायबर कॅफेतला ‘व्हाइस सिटी’ आठवत असेल. कीबोर्डवर ‘पॅन्झर’ टाइप केलं की रस्त्यावर रणगाडा हजर! (तो गेम लहान मुलांसाठी नव्हताच, पण तेव्हा कोण विचारत होतं.) ती मात्र चीट कोडची गोष्ट. तो चोरदरवाजा गेम बनवणाऱ्यांनीच ठेवलेला असतो. १९८६ च्या सुमारास ‘ग्रेडियस’ नावाचा गेम घरगुती यंत्रासाठी बनवताना काझुहिसा हाशिमोतो या जपानी प्रोग्रामरला तो तपासायला फार अवघड जात होता. म्हणून त्याने बटणांचा एक ठरावीक क्रम दाबला की सगळी हत्यारं मिळतील अशी सोय करून ठेवली. तोच पुढे ‘कोनामी कोड’ म्हणून जगभर गाजला. मेमरी एडिटरमध्ये बनवणाऱ्याची परवानगी नसते, इथे आपणच खिडकी उघडून हात घालतो. तीही रीत जुनी आहे. १९८० च्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरवर बेसिक भाषेत ‘पोक’ नावाची आज्ञा होती. अमुक पत्त्यावर अमुक आकडा लिही, एवढंच तिचं काम. तेव्हाच्या गेमच्या मासिकांत असे ‘पोक’ छापून येत आणि इंग्लंडमधली पोरं ते टाइप करून जीव वाढवत.

मग डायमंड का वाढत नाहीत?

आता पालकांनी नीट वाचावं असा भाग.

‘फ्री फायर’चे डायमंड, ‘बीजीएमआय’चे यूसी, हे पैसे देऊन घ्यायचे आकडे. मुलाला वाटतं, सूर्य वाढले तसे हेही वाढतील. नाही वाढत. हे आकडे मोबाईलच्या फळ्यावर नसतात, कंपनीच्या सर्व्हरवर असतात. मोबाईलवर दिसते ती नुसती नक्कल. आपल्या बँकेच्या पासबुकात पेनने ५०० चे ५०,००० केले तर खात्यात पैसे येतात का? काउंटरवर गेलं की कळतंच. तसंच इथे. पडद्यावरचा आकडा बदलेलही घटकाभर, पण खरेदी करायला गेलं की सर्व्हर आपली वही बघतो.

आणि तरीही ‘अनलिमिटेड डायमंड’चे व्हिडिओ ढिगाने सापडतात. का? कारण त्यांना डायमंड द्यायचेच नसतात. ते सांगतात, हे अ‍ॅप टाका, ही परवानगी द्या, इथे तुमचा आयडी-पासवर्ड भरा, आलेला ओटीपी सांगा. बहुतेक घरांत मुलाच्या हातातला मोबाईल म्हणजे आई-बाबांचा मोबाईल. त्यातच यूपीआय, त्यातच बँकेचे मेसेज. मुलाने शोधायला घेतले फुकटचे डायमंड, आणि दार उघडलं गेलं घराच्या कपाटाचं.

मोबाईलवर चालणारी मेमरी एडिटरंही असतात. ती नीट चालायला बहुधा फोन ‘रूट’ करावा लागतो. रूट करणं म्हणजे कंपनीने घातलेली कुलपं आपल्याच हाताने काढून टाकणं. अशा फोनवर बँकांची बरीच अ‍ॅप चालायलाच नकार देतात. तेव्हा ज्या मोबाईलवर पैशांचे व्यवहार होतात त्यावर हा प्रयोग नको, हे मी अगदी ठामपणे सांगते.

कॉम्प्युटरवरही जरा जपून. या साधनाच्या नावाच्या नकली साइट भरपूर आहेत. मूळ साधन बसवतानाही मध्येच दुसरी भलतीच सॉफ्टवेअरं घेण्याचा आग्रह होतो, तिथे वाचून ‘नको’ म्हणावं लागतं. अँटिव्हायरस ओरडतो, कारण दुसऱ्या प्रोग्रामच्या मेमरीत हात घालणं हे विषाणूंचंही काम आहे. खरं कोणतं आणि खोटं कोणतं, हे बारा वर्षांच्या मुलाने एकट्याने ठरवावं अशी अपेक्षा नको. शेजारी मोठं माणूस बसलेलं असावं.

ही फसवणूक आहे का?

शिक्षक म्हणून हा प्रश्न मला टाळता येत नाही. माझं मत असं की एकट्याच्या, नेट नसलेल्या गेममध्ये सूर्य वाढवणं म्हणजे पत्त्यांचा ‘पेशन्स’ खेळताना हळूच एक पान उलटून बघण्यासारखं आहे. समोर कोणी नाही, कुणाचं काही गेलं नाही. गेम मात्र मरतो. ५००० सूर्य मिळालेल्या मुलाला विचारा, तो दोन दिवसांत कंटाळलेला असतो. कोणतं झाड आधी लावू, सूर्यफूल की बी फेकणारं, हा विचारच उरत नाही, आणि तो विचार म्हणजेच तर खेळ होता.

समोर दुसरी मुलं असली की मात्र गोष्ट बदलते. ऑनलाइन गेममध्ये भिंतीपलीकडचं दिसणं, नेम आपोआप लागणं असले चीट खरोखर असतात, कारण ती माहिती सर्व्हरला मुलाच्या मोबाईलवर पाठवावीच लागते. तिथे हरणारं पोर खरं असतं. ते पकडायला कंपन्यांची वेगळी व्यवस्था असते आणि खातं कायमचं बंद होतं. दक्षिण कोरियात तर असे चीट बनवणं आणि वाटणं कायद्याने गुन्हा आहे. मुलाला "चीटिंग वाईट" एवढंच सांगू नका, "समोर कोण होतं?" असं विचारा. त्याला लगेच कळतं, आणि बऱ्याचदा तो मान खाली घालतो.

वर्गात, कॉम्प्युटरशिवाय

हे सगळं समजावायला लॅब लागत नाही. चौथीपासून पुढे घेता येईल असा एक खेळ सांगते.

तीस मुलांना कागदाची एकेक चिठ्ठी आणि पेन्सिल द्या. ही मुलं म्हणजे फळ्याच्या चौकटी. एका मुलीला शोधक करून वर्गाबाहेर पाठवा. आत एका मुलाला गुपचूप ‘सूर्याची चौकट’ नेमा, त्याने ५० लिहायचे. आणखी पाच-सहा जणांनाही ५० लिहायला सांगा. बाकीच्यांनी मनाला येईल ते. फळ्यावर मोठ्या अक्षरांत ५० लिहा आणि शोधक मुलीला आत बोलवा. ती विचारणार, ५० कुणाकडे? सहा-सात हात वर. आता तुम्ही फळ्यावर ७५ करा. सूर्याच्या चौकटीने चिठ्ठीवर ७५ करायचे, बाकीच्यांनी हवं तर बदलायचं, नाहीतर ठेवायचं. दुसरा प्रश्न, मघाच्या हातांपैकी आता ७५ कुणाकडे? बहुधा एकच हात उरतो. कधी एखादं वात्रट पोर मुद्दाम ७५ लिहितं, मग तिसरी फेरी घ्यावी लागते. घ्याच, कारण एका तपासणीवर विसंबायचं का नाही हे त्या पोरामुळेच कळतं.

पुढच्या वेळी फळ्यावर आकडा लिहू नका. नुसती खडूने पट्टी काढा आणि ती लहान-मोठी करा. शोधकाने फक्त ‘कमी झाला’, ‘वाढला’, ‘तसाच राहिला’ एवढंच विचारायचं. पहिला खेळ दोन प्रश्नांत संपतो, या खेळाला पाच-सहा लागतात. प्रत्येक प्रश्नानंतर किती मुलं उरली ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहीत जा. मोठ्या वर्गात त्याच आकड्यांचा स्तंभालेख काढून घेता येतो.