घरचे कातकाम : लहान लेथ कशी निवडावी व कशी बसवावी

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शेतकऱ्याच्या घरी लाकडास तोटा नाही. बांधावरची बाभूळ, परसातील शेवगा, वादळाने पडलेला आंबा, घर उतरविताना निघालेले जुने वासे, असे काही ना काही पडलेले असतेच. त्यातील बरेचसे चुलीत जाते; आणि त्याच घरात खुरप्याची मूठ, लाटणे, रवी व मुलांचा भोवरा ही बाजारातून विकत येतात. कांद्याची खुरपणी अंगावर आली असता दहा खुरप्यांपैकी चारांच्या मुठी ढिल्या निघाल्या म्हणजे माणसे बसून राहतात. मजुरी मात्र बसत नाही. ह्यासाठी घरी एक लहान कातयंत्र, म्हणजे ज्यास आपण लेथ म्हणतो ते असावे, असा विचार अलीकडे पुष्कळांच्या मनात येतो. विचार चांगला आहे. परंतु यंत्र विकत आणणे हा त्या कामाचा निम्माच भाग होय. ते घट्ट बसविणे, त्यास योग्य वेग देणे आणि हत्यारास धार राखणे हा उरलेला निम्मा भाग जो टाळील त्याचा पैसा पडवीत गंजत पडेल. म्हणून ह्या लेखात आम्ही खरेदीपेक्षा मांडणीवर अधिक भर देत आहो.

आपल्या प्रांतास हा धंदा नवा नाही. जुन्नरच्या लेण्यांतील प्राचीन शिलालेखांत वेळूकाम करणाऱ्यांच्या व कासारकाम करणाऱ्यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. कारागिरी येथे किती जुनी आहे हे त्यावरून समजते. १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात कातारी लोकांची स्वतंत्र नोंद आहे. वीज नव्हती तेव्हा एकाने दोरी ओढावी आणि दुसऱ्याने हत्यार धरावे, अशी रीत असे. लाकूड एकदा पुढे व एकदा मागे फिरे, आणि पुढच्या फेऱ्यातच काय ते कातले जाई. विजेच्या मोटरीने तो दुसरा माणूस मोकळा केला. पण हत्यार धरणाऱ्या हाताचे काम जसेच्या तसे राहिले आहे.

यंत्राची निवड

लेथेची दोन मापे आधी विचारावी. पहिले, दांड्याच्या मध्यापासून बैठकीपर्यंतची उंची. ती ६ इंच असेल तर १२ इंच व्यासाच्या आतलीच वस्तू फिरेल. दुसरे, दोन सुळ्यांमधील अंतर. खुरप्याच्या मुठीस ६ इंच व लाटण्यास १४ इंच पुरतात. ताक घुसळण्याच्या रवीस अडीच फुटांपर्यंत लागतात. मूठ, लाटणे व भोवरा एवढेच करावयाचे असल्यास १८ इंची यंत्र पुरे. रवी व खाटेचे खूर करावयाचे तर ३६ इंची घ्यावे. कुदळी-फावड्याचे लांब दांडे लहान लेथेवर थरथरतात. ते रंध्यानेच करावे हे बरे.

चाकण व रांजणगाव येथील कारखानदारीमुळे लोखंड कातण्याच्या जुन्या लेथा आपल्याकडे मोडीच्या भावाने मिळतात, म्हणून कोणी त्या घेऊ पाहतो. हे करू नये. त्यांत हत्यार यंत्रात आवळलेले असते व ते चाके फिरवून सरकवावे लागते. लाकडाच्या लेथेत हत्यार आडव्या पट्टीवर टेकवून हाताने धरावयाचे असते, आणि वेगही बहुधा अधिक लागतो. दोहोंची जात निराळी.

नवी यंत्रे राजकोट व बटाला येथून येतात. सुटे भाग व हत्यारे पुण्यास रविवार पेठेतील बोहरी आळीत पाहावी. जुने यंत्र घेताना चार गोष्टी तपासाव्या. दांडा हाताने हलवून पाहावा. तो खुळखुळला तर बेअरिंग झिजले असे समजावे. मोटर बंद ठेवून दांडा हळू फिरवावा. कुरकूर ऐकू येऊ नये. टेलस्टॉक पुढे सरकवून दोन्ही सुळ्यांची टोके एकमेकांस भिडवावी. ती तंतोतंत न भिडल्यास वस्तू मध्यावर धरली जाणार नाही. शेवटी दांड्याचे भोक मोर्स टेपर दोन नंबरचे आहे की नाही हे विचारावे. हे माप सर्रास चालत असल्याने पुढे सुळे व चक शोधत फिरावे लागत नाही.

वीज व वेग

घरगुती कामास अर्धा ते एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर पुरते. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर पूर्ण भाराने एक तास चालली तर साधारण अर्धा युनिट जळते. शेतीपंपाच्या जोडणीवर लेथ कदापि चालवू नये. ती वीज शेतीच्या दराने मिळते. तिचा अन्य कामी वापर करणे हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो. घरच्या मीटरवर स्वतंत्र तार ओढून, चांगले अर्थिंग करून, बंद करण्याचे बटण डाव्या हाताशी लावावे. लाकूड उसळले असता उजवा हात हत्यारात गुंतलेला असतो.

वेगाचा हिशेब सोपा आहे. साध्या मोटरीचे मिनिटास सुमारे १४४० फेरे होतात. मोटरीवर ३ इंची व दांड्यावर ६ इंची पुली असल्यास दांड्याचे ७२० फेरे होतील. दोन्ही पुल्या सारख्या असल्यास १४४०. वस्तूचा व्यास इंचांत घेऊन फेऱ्यांनी गुणावा. गुणाकार ९,००० च्या वर जाऊ देऊ नये. ८ इंची काठवटीस ह्याप्रमाणे ११२५ फेऱ्यांची कमाल मर्यादा येते; म्हणजे तिला ७२० ची जोडीच योग्य. २ इंची लाटण्यास मर्यादा ४५०० येते, तरी नवशिक्याने १४४० वरच थांबावे. ओबडधोबड लाकूड गोल होईपर्यंत नेहमी हळूच्या जोडीवर ठेवावे.

मांडणी

लेथ हलली की हत्यार उडते. म्हणून बैठक जितकी जड तितकी चांगली. बाभळीच्या जाड खांबांचे चौकट करावे किंवा दोन विटांचे खांब बांधून वर जाड फळी बोल्टने आवळावी. खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवावी. उंची अशी धरावी की सरळ उभे राहून हात कोपरात दुमडला असता सुळ्याचे टोक कोपराच्या पातळीस येईल. खाली असल्यास कंबर दुखते, वर असल्यास खांदा. पाणसळ लावून यंत्र दोन्ही अंगांनी समतल करावे आणि बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे आवळावे. एकच बोल्ट एकदम आवळल्यास बैठकीस पीळ बसतो व सुळे चुकतात. जागा उजेडाची असावी, पण गोठ्याजवळ किंवा कडब्याच्या गंजीलगत नसावी.

हत्यारे व धार

पहिल्या वर्षी चार हत्यारे पुरतात : गोल करण्याची रुंद नाळीदार पटाशी, वळणे काढण्याची अरुंद नाळीदार पटाशी, तिरक्या धारेची पटाशी आणि तोडण्याची चपटी अरुंद पटाशी. काठवट करावयाची झाल्यास तिच्या पोटासाठी वेगळी जाड पटाशी लागेल. यंत्रास शंभर रुपये पडले तर हत्यारे व सहाणेचे चाक ह्यांसाठी पन्नास रुपये बाजूस ठेवावे, असे आमचे मत आहे. बोथट हत्यार जोर मागते, आणि जोर लावला की ते लाकडात अडकते. धार आहे की नाही हे भुश्यावरून ओळखावे : लांब पापुद्रे निघाले तर धार आहे, धुरळा निघाला तर सहाणेकडे जावे.

लाकूड व कायदा

खुरपे-विळ्याच्या मुठीस बाभूळ उत्तम. ती कठीण असून घामाने लवकर खराब होत नाही. हळदूचे लाकूड बारीक कणीचे असल्याने त्यावर कातकाम स्वच्छ उठते. शिवण हलकी असून ती फारशी वाकत नाही. कण्हेर व काजरा ही झाडे विषारी होत. खाण्याच्या भांड्यांस त्यांचे लाकूड वापरू नये. जुन्या वाशांत मोडलेले खिळे असतात, म्हणून आधी लोहचुंबक फिरवावा.

ओले लाकूड मध्यावर चिरून गाभा काढावा, दोन्ही टोकांस मेण किंवा रंग लावावा आणि ते सावलीत वारा लागेल असे रचावे. महिन्यातून एकदा तागडीवर वजन करून त्यावर खडूने लिहावे; लागोपाठ दोन महिने वजन उतरले नाही म्हणजे लाकूड वाळले. मात्र हे उन्हाळी महिन्यांत पाहावे. पश्चिमेकडील मावळ भागात पावसाळ्यात वजन स्थिर राहिले तरी लाकूड ओलेच असते.

महसूल खात्यात आमची नोकरी झाली असल्याने एक गोष्ट आवर्जून सांगतो. सातबाऱ्यावर जमीन आपली असली म्हणजे प्रत्येक झाड मनास येईल तेव्हा पाडता येते असे नाही. महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, खैर, ऐन व हळदू ही झाडे आहेत. ती पाडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. मोठी फांदी उतरविण्यापूर्वीही विचारून घ्यावे. लाकडाची वाहतूक करण्याचे नियम आणखी निराळे आहेत. पश्चिमेकडील भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली झाले. तेथील वाळकी काडीही आपली नव्हे. आणि हिरडा तर कातण्यासाठी पाडूच नये. त्याच्या फळांवर डोंगराकडच्या कित्येक घरांची मीठमिरची चालते.

जपणूक

धोतराचा सोगा, उपरणे, सैल बाही, हातमोजे व अंगठी ही लेथेपाशी नकोत. तोंडावर पारदर्शक ढाल व नाकावर फडके असावे. चालू करण्यापूर्वी लाकूड हाताने एक फेरा फिरवून ते पट्टीस लागत नाही ना, हे पाहावे. मुलांनी शिकावे, पण मोठे माणूस जवळ असतानाच.

चकाकीसाठी लाख फार जुनी. सावंतवाडीचे लाखकाम प्रसिद्धच आहे. कर्नाटकात चन्नपट्टण येथे काळ्या कुड्याच्या खेळण्यांवर फिरत्या लाकडास लाखेची कांडी टेकवितात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते, व मग केवड्याच्या पात्याने घोटतात. नवशिक्यास जवसाचे तेल सोयीचे. परंतु त्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नयेत. हवेशी संयोग होऊन त्या आपोआप तापतात व पेटतात. त्या पाण्यात बुडवाव्या किंवा बाहेर एकेक पसरून वाळवाव्या. कडब्याच्या गंजीस आग लागावयास एवढे कारण पुरे होते.

हिशेब

पहिल्या दिवशी काठवटीस हात घालू नये. आधी वीस मुठी कराव्या. पाण्याच्या जुन्या लोखंडी नळीची अर्ध्या इंचाची कडी कापून तिची सांबी करावी आणि मुठीचे तोंड त्या कडीत ठोकून बसेल असे कातावे. हाताने तासलेल्या मुठीस हा नेमकेपणा साधणे कठीण. नंतर लाटणे, मग रवी, अशी पायरी धरावी. एका वहीत तारीख, वस्तू, लागलेला वेळ आणि तिची बाजारातील किंमत मांडावी. वर्षअखेर ही बेरीज यंत्राच्या किमतीच्या मानाने फार कमी आली तर तीनचार शेजाऱ्यांनी मिळून एकच लेथ ठेवावी. घरोघर एकेक ठेवण्यापेक्षा ते शहाणपणाचे. विक्रीचा विचार त्यानंतर, आणि तेव्हा वीजजोडणीचा दर कोणता लागेल हेही आधी विचारून ठेवावे. पुढच्या खुरपणीस घरातील एकही मूठ ढिली नसली तर ह्या यंत्राने आपले पहिले देणे फेडले असे समजावे.