मिमा इतोचा सपाट चेंडू

ताशी ५० किलोमीटर वेगाने निघालेला चेंडू टेबल टेनिसचं २.७४ मीटर लांबीचं टेबल जेमतेम एक पंचमांश सेकंदात ओलांडतो. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे चेंडू बघून मग फटका ठरवायचा म्हटलं, तर उशीर झालेलाच असतो. खेळाडू खेळतो तो अंदाजावर, वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगात मुरलेल्या अंदाजावर. जपानच्या मिमा इतोने आपली सगळी कारकीर्द उभी केली, ती समोरच्याचा हा अंदाज चुकवण्यावर.

तिच्या बॅटची बॅकहँडची बाजू बघा. बहुतेक खेळाडूंच्या बॅटला दोन्हीकडे गुळगुळीत, चिकट रबर असतं. ते चेंडू पकडतं, घासतं आणि त्याला जबरदस्त फिरकी देतं. टॉपस्पिनचा चेंडू हवेत खाली वाकतो आणि टप्पा पडल्यावर पुढे उसळतो. तो आवरायला बॅट थोडी पालथी धरावी लागते. मिमाच्या बॅकहँडच्या रबरावर मात्र बारीक आखूड दाणे बाहेरच्या बाजूला आहेत. चेंडू टेकतो तो फक्त दाण्यांच्या टोकांवर, म्हणून समोरून आलेल्या फिरकीचा त्यावर फारसा परिणाम होत नाही आणि परत जाताना फिरकी मिळते तीही थोडीच. पाण्यावर चपटा दगड भिरकावावा तसा तो सपाट, खालून निघून जातो. समोरची खेळाडू सवयीने बॅट पालथी धरते आणि चेंडू जाळ्यात!

नियमाप्रमाणे बॅटच्या दोन बाजू वेगवेगळ्या रंगांच्या असतात, त्यामुळे फटका कोणत्या रबराने मारला हे प्रतिस्पर्ध्याला दिसतं. पण ते दिसून बॅटचा कोन बदलायला वेळ कुठे असतो?

मग सगळेच हे रबर का वापरत नाहीत? कारण सपाट चेंडू जाळ्यावरून जेमतेम जातो, वाकून टेबलावर उतरायला त्याला फिरकीची मदत नसते. टप्पा पडून वर येत असतानाच तो टिपावा लागतो. टेबलाला चिकटून उभं राहायचं आणि क्षणाचीही चूक करायची नाही, हे मला तरी अचाट वाटतं.

२००० साली जन्मलेली मिमा शिझुओका प्रांतातल्या इवाता गावात वाढली. दोन वर्षांची असताना तिने बॅट हातात घेतली. आई स्वतः खेळाडू, आणि शिकवणारीही तीच. २०१५ मध्ये, चौदाव्या वर्षी, तिने जर्मन ओपनचं एकेरी विजेतेपद मिळवलं. वर्ल्ड टूरच्या इतिहासात इतक्या लहान वयात एकेरी कुणीच जिंकली नव्हती. पुढच्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये सांघिक कांस्य. २०१८ च्या स्वीडिश ओपनमध्ये तर तिने लिउ शिवेन, रिओची सुवर्णविजेती डिंग निंग आणि झू युलिंग अशा तीन चिनी खेळाडूंना एकाच स्पर्धेत हरवलं. चिनी संघाने तिच्या शैलीची नक्कल करणाऱ्या खेळाडू सरावाला घेतल्याच्या बातम्या पुढे येत राहिल्या. प्रतिस्पर्ध्याकडून याहून मोठी दाद कोणती?

टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मिश्र दुहेरीत तिचा जोडीदार होता जुन मिझुतानी. तोही इवाताचाच, तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा. त्याच्या आईवडिलांच्या क्लबमध्येच ती लहानपणी खेळायची. उपांत्यपूर्व फेरीत जर्मन जोडीविरुद्ध सातव्या गेममध्ये दोघं २-९ असे मागे होते. सात मॅच पॉइंट वाचवून त्यांनी तो गेम १६-१४ ने घेतला. अंतिम सामन्यात शू शिन आणि लिउ शिवेन यांनी पहिले दोन गेम घेतले, तरी सामना ४-३ ने जपानचा झाला. सातव्या गेममध्ये तर जपानी जोडी ८-० अशी पुढे होती! २००८ पासून ऑलिंपिकमधलं टेबल टेनिसचं एकही सुवर्ण चीनने सोडलं नव्हतं. जपानला तर या खेळात ते पहिलंच. त्याच स्पर्धेत मिमाने एकेरीत कांस्य आणि सांघिक रौप्यही मिळवलं.

पॅरिस ऑलिंपिकच्या संघात मात्र तिला जागा मिळाली नाही. जपानमध्ये हिना हायाता, मिउ हिरानो, मिवा हारिमोतो अशा एकीपेक्षा एक सरस मुली आहेत. तिथे संघात येणं हेच ऑलिंपिक पदकाइतकं अवघड. मिमा खेळत राहिली आणि २०२५ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत तिने एकेरीचं कांस्य जिंकलं. जागतिक स्पर्धेतलं तिचं ते एकेरीचं पहिलं पदक.

तिचा एखादा सामना बघायला मिळाला तर गुणफलकाकडे थोडा वेळ दुर्लक्ष करा आणि समोरच्या खेळाडूच्या बॅटचा कोन बघा.