वाटेंत चाक बसलें तर

पेठ वडगांवहून निघून वाठारपाशीं पुणें-बंगळूर हमरस्त्याला लागलें, कीं मोटारीचा वेग नकळत वाढतो. अशा वेळीं टायर फुटल्यास पाय आपोआप ब्रेकवर जातो, आणि गाडी भरकटते ती बहुधा त्यामुळेंच. सुकाणू दोन्ही हातांनीं घट्ट धरावें, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडावा, आणि वेग ओसरूं देऊन गाडी डाव्या कडेला, होईल तितकी रस्त्याबाहेर घ्यावी. टायर घासून फुकट गेला तरी चालेल.

खरी भीति यापुढेंच आहे. आपलीं माणसें उतरतात आणि गाडीच्या मागें घोळका करून उभीं राहतात! आजी-आजोबा, मुलेंबाळें यांना प्रथम डाव्या दारानें उतरवून रस्त्यापासून दूर, कठडा असल्यास त्याच्या पलीकडे न्यावें. लुकलुकणारे दिवे लावावे. तांबडा त्रिकोण निदान पन्नास पावलें मागें ठेवावा. उंसाच्या हंगामांत इकडे ट्रॅक्टरमागें जोडट्रॉल्या चालतात. भरल्या ट्रॉलीला चटकन् थांबतां येत नाहीं.

इतर चाकांना दगडाची अटकण द्यावी, आणि नट जॅक चढविण्यापूर्वींच सैल करावे. जागा उताराची वा चिंचोळी असेल, तर चाक बदलण्याचा हट्ट सोडून राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ या क्रमांकावर मदत मागावी. स्टेपनींत (हें नांव मूळचें वेल्समधील एका रस्त्याचें!) हवा आहे कीं नाहीं, हें मात्र घरून निघतांनाच पाहिलेलें असावें.