विजयदुर्गाचे ओटे आणि श्रद्धेची खतावणी

विज्ञान आणि धर्मश्रद्धा यांचे जमते का, हा प्रश्न आता व्याख्यानमालांपुरता उरलेला नाही. तो आपल्या घरात, जेवणाच्या ताटाजवळ येऊन बसला आहे. रविवारी पाठशाळेत जंबूद्वीपाचा नकाशा पाहून आलेला मुलगा सोमवारी शाळेत भूगोल शिकतो आणि संध्याकाळी विचारतो, "सूर्य एक की दोन?" आजोबा म्हणतात, आगमावर शंका घेऊ नये. वडील म्हणतात, परीक्षेत शाळेतले लिही. आई हळूच विषय बदलते. मुलाला उत्तर मिळत नाही. पण धर्माचे बोलणे घरात एक आणि बाहेर एक असते, एवढे तो पक्के शिकतो. प्रस्तुत लेखकास खरा धोका या शेवटच्या धड्यात वाटतो.

या प्रश्नाचा विचार करण्यास आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातच एक उत्तम स्थळ आहे, ते म्हणजे देवगड तालुक्यातील विजयदुर्ग. वाघोटण खाडीच्या मुखाशी हा जलदुर्ग उभा आहे. याच खाडीने वर गेले की खारेपाटण लागते. तेथील जुने जैन मंदिर या खाडीच्या व्यापाराशी असलेले आपले नाते सांगते.

दोन तारखांची गोष्ट

विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' म्हणून ओळखली जाणारी जोती आहेत. परंपरेने असे सांगितले जाते की, १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने या ओट्यांवर दुर्बिणी बसवून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियम वायूचा शोध लावला. दरवर्षी १८ ऑगस्टला तेथे हेलियम दिन साजरा होतो. शाळेतील मुले येतात, भाषणे होतात. हे सारे स्तुत्यच आहे.

परंतु नोंदी तपासल्या तर हिशेब थोडा निराळा निघतो. १८६८ चे ते ग्रहण हिंदुस्थानातून दिसले, हे खरे. जमखिंडी, गुंटूर, मच्छलीपट्टणम अशा ठिकाणी निरीक्षक जमले होते. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूर येथे होते. सूर्यबिंबाच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात काही निरीक्षकांना एक पिवळी रेषा दिसली; ती सोडियमचीच असावी असे बहुतेकांनी धरले. लॉकियर मात्र त्या दिवशी इंग्लंडमध्येच होते. त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी ग्रहणाशिवायच त्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. ती पिवळी रेषा सोडियमच्या जागेवर बसत नाही हे पुढे स्पष्ट झाले, आणि पृथ्वीवर न आढळलेल्या या मूलद्रव्यास सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव मिळाले.

लॉकियर विजयदुर्गास आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. 'मेल्पोमीन' या ब्रिटिश युद्धनौकेवरील खलाशांनी त्यांना साहाय्य केले. ओट्यांचा संबंध या मोहिमेशी लागतो. त्याच ग्रहणाचे वेध पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतले होते, हेही आपण विसरू नये.

म्हणजे १८ ऑगस्टला हेलियम दिन पाळणे योग्यच आहे, आणि लॉकियरसाहेबांनी विजयदुर्गावरून ग्रहण पाहिले हेही खरे आहे. फक्त दोन वेगळ्या पावत्या एकाच तारखेखाली लागल्या आहेत. त्या सुट्या केल्याने किल्ल्याचा एक चिराही ढळत नाही.

या कथेतील आणखी एक तपशील व्यापारी मनाला भावणारा आहे. सूर्यावर हेलियम आहे असे म्हटले गेले तरी अनेक रसायनशास्त्रज्ञांनी ते मान्य केले नाही. पृथ्वीवर नमुना मिळेपर्यंत ही रक्कम जणू उचंत खात्यातच राहिली. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झे यांना युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा सापडली आणि सत्तावीस वर्षांनी नोंद कायम खात्यात गेली. एवढी वर्षे 'अद्याप सिद्ध नाही' असे म्हणत राहण्याचा धीर हे विज्ञानाचे बळ आहे.

राहू गिळतो काय?

ग्रहणाचा विषय निघालाच आहे, तर आपले आगम याबाबत काय म्हणतात ते पाहणे उद्बोधक ठरेल. भगवती सूत्राच्या बाराव्या शतकातील सहाव्या उद्देशकात गौतम गणधर भगवान महावीरांना विचारतात की, राहू चंद्राला गिळतो असे लोक म्हणतात, ते कसे? भगवंत या समजुतीला मिथ्या म्हणतात. राहू गिळत नाही; त्याचे काळे विमान चंद्राच्या तेजाच्या आड येते, म्हणून तो झाकला जातो, असे तेथे सांगितले आहे. पर्वराहू कमीत कमी सहा महिन्यांनी आड येतो. जास्तीत जास्त अंतर चंद्रासाठी बेचाळीस महिने आणि सूर्यासाठी अठ्ठेचाळीस वर्षे असते, असेही वर्णन आहे.

येथे दोन गोष्टी वेगळ्या पाहाव्यात. सर्वत्र रूढ असलेली भीतीची कथा नाकारून ग्रहण म्हणजे केवळ आड येणे, असे सांगणे ही मोठी वैचारिक झेप होती. ग्रहणांचा हंगाम साधारण सहा महिन्यांनी परत येतो हे आजचे खगोलशास्त्रही सांगते. त्याचबरोबर राहूचे विमान हे स्पष्टीकरण आजच्या वेधांशी जुळत नाही. चंद्रग्रहण पृथ्वीच्या छायेमुळे आणि सूर्यग्रहण चंद्र आड आल्यामुळे होते. पहिल्या गोष्टीचा अभिमान बाळगताना दुसरी लपवण्याचे कारण नाही.

ग्रहणकाळ आपल्याकडे अस्वाध्यायाचा मानला जातो. स्थानांग सूत्रात अस्वाध्यायाच्या कारणांत चंद्रग्रहण आणि सूर्यग्रहण यांची गणना आहे. शास्त्रवाचन थांबवून मौन पाळणे ही शिस्त झाली, आणि विज्ञानाचा तिला विरोध असण्याचे कारण नाही. गर्भवती सुनेला अंधाऱ्या खोलीत बसवून पाण्याच्या घोटालाही तरसवणे हा मात्र निराळा प्रकार आहे. ज्या भयाला आगमाने मिथ्या म्हटले, त्याच भयाला आपण धर्माच्या नावाने घरात जागा देतो.

दोन सूर्यांचा प्रश्न

आता मुलाच्या मूळ प्रश्नाकडे वळू. जंबूद्वीपात दोन सूर्य आणि दोन चंद्र आहेत, प्रत्येक सूर्य साठ मुहूर्तांत म्हणजे दोन दिवसांत मेरूभोवती एक फेरी पुरी करतो, असे सूर्यप्रज्ञप्तीत वर्णन आहे. यावरील आक्षेप पाश्चात्त्य विद्येबरोबर आले असे कोणी समजू नये. वराहमिहिर आणि ब्रह्मगुप्त यांनी ते घेतले होते. ज्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, त्या भास्कराचार्यांनीही ११५० मध्ये रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीत दोन सूर्यांचे खंडन केले. ध्रुवाभोवतीची तारकामंडळे एका अहोरात्रात पूर्ण फेरी करतात, मग सूर्याला दोन दिवस कसे लागतील, अशा थाटाचा हा युक्तिवाद होता. १९६९ मध्ये मानव चंद्रावर उतरला तेव्हा आपल्या समाजात हा वाद पुन्हा पेटला, हे ज्येष्ठ वाचकांना स्मरत असेल.

अशा वेळी अनेकजण अनेकांताचा आधार घेतात. "विज्ञानाच्या दृष्टीने एक, आगमाच्या दृष्टीने दोन, दोन्ही खरे," असे म्हणून वाद मिटवतात. हे बोलणे गोड आहे, पण अनेकांताला न्याय देणारे नाही. स्याद्वादात प्रत्येक विधान विशिष्ट अपेक्षेने केले जाते. पिता आणि पुत्र ही दोन्ही नाती एकाच पुरुषाला वेगवेगळ्या अपेक्षेने लागू होतात. परंतु एकाच अपेक्षेने, एकाच आकाशात, एकाच वेळी सूर्य एकही आहे आणि दोनही आहेत असे म्हणता येत नाही. दुकानात गल्ल्यातील रक्कम एका नयाने दहा हजार आणि दुसऱ्या नयाने वीस हजार, असे मुनिमाने सांगितले तर आपण त्याला स्याद्वादी म्हणणार नाही.

मग श्रद्धाळू माणसाने काय करावे? आपल्या परंपरेतच याचे उत्तर आहे. श्वेतांबर परंपरेनुसार आगम वलभी येथे देवर्द्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली लिपिबद्ध झाले, ते वीरनिर्वाणानंतर ९८० किंवा ९९३ वर्षांनी. तोवर ते मुख्यतः कंठस्थ होते, आणि दुष्काळांत पुष्कळ श्रुत लुप्त झाले. दिगंबर परंपरा तर मूळ अंगआगम लुप्त झाले असेच मानते. म्हणजे आपल्यापर्यंत पोहोचलेला प्रत्येक शब्द जसाच्या तसा केवलींच्या मुखातील आहे, असा दावा दोन्ही परंपरांच्या इतिहासाशी विसंगत ठरतो. भूगोल-खगोलाच्या वर्णनांत त्या त्या काळच्या समजुतींचा भाग असेल, असे मानल्याने सर्वज्ञतेवरील श्रद्धेला बाध येत नाही. अहिंसा, सत्य, अचौर्य, ब्रह्मचर्य, अपरिग्रह यांपैकी एकही व्रत सूर्यांच्या संख्येवर उभे नाही.

असे मानणारे आपणच पहिले आहोत असेही नाही. महेंद्रसूरी या जैन मुनींनी १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाच्या दरबारी 'यंत्रराज' हा ग्रंथ रचला. अरब-इराणी विद्येतून आलेल्या ॲस्ट्रोलेब या वेधयंत्रावरील हा पहिला संस्कृत ग्रंथ होय, आणि त्यांचे शिष्य मलयेंदुसूरी यांनी त्यावर टीका लिहिली. ते यंत्र गोलाकार आकाश आणि एक सूर्य धरूनच चालते. महेंद्रसूरींनी त्यासाठी मुनिवेष उतरवला नाही.

प्रमाणपत्राचा मोह

दुसऱ्या टोकालाही एक चूक होते. विज्ञानाने आपला धर्म सिद्ध केला, असे सांगण्याची आपल्याला हौस आहे. पाण्याच्या एका थेंबात कॅप्टन स्कॉर्सबी यांना ३६,४५० जीव दिसले, हा आकडा आपल्या कितीतरी पुस्तकांत छापलेला आढळतो. थेंब विहिरीचा, तळ्याचा की समुद्राचा, यावर जीवांची संख्या बदलणारच. एका थेंबाचा आकडा सर्व थेंबांना लावणे हे ना विज्ञान, ना धर्म. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया' सांगितली आहे. खोटा दस्त करणे हा दोष व्यापारात जेवढा, तेवढाच तो धर्मप्रचारातही आहे.

पाणी गाळण्याविषयी एक प्रामाणिक उदाहरण देतो. रिटा कॉलवेल या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील ६५ गावांत एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या साडीचे कापड अनेक पदरी घडी करून त्यातून पाणी गाळल्यास कॉलऱ्याचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटते, असे त्यांना आढळले. कॉलऱ्याचा जंतू एकटा असता तर कापडातून सहज निसटला असता. पण तो पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतो आणि ते प्राणी कापडात अडकतात.

हे वाचून आपल्याला आनंद होतो, आणि व्हावाही. परंतु आपली आजी पाणी गाळल्यावर एवढ्यावर थांबत नसे. गाळण्यावर राहिलेले जीव थोड्या गाळलेल्या पाण्याने हलकेच खंगाळून ती ते त्याच विहिरीत परत सोडी. हीच जिवाणी. बांगलादेशातील प्रयोगाचा हेतू माणसाचा जीव वाचवण्याचा होता, आणि तो थोरच होता. जिवाणीचा हेतू गाळण्यावर अडकलेल्या जीवाला वाचवण्याचा आहे. तो जीव आहे हे सूक्ष्मदर्शक दाखवू शकेल. त्याला परत घरी पोहोचवणे हे माझे कर्तव्य आहे, हे कोणतेही यंत्र दाखवणार नाही. त्यासाठी श्रद्धा लागते, आणि तिला प्रयोगशाळेच्या शिक्क्याची गरज नाही.

खतावणीचा मेळ

म्हणून विज्ञान आणि श्रद्धा सुसंगत आहेत का, या प्रश्नाला 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देणे प्रस्तुत लेखकास प्रशस्त वाटत नाही. काही नोंदी जुळतात, काही जुळत नाहीत. ग्रहण म्हणजे गिळणे नव्हे, ही जुळते. दोन सूर्य, ही जुळत नाही. जिवाणी ही विज्ञानाच्या वहीत मुळात येतच नाही; ती आपल्या खात्यातील ठेव आहे. चांगला मुनीम न जुळलेली रक्कम खोडून टाकत नाही आणि मेळ दाखवण्यासाठी बनावट पावतीही जोडत नाही. तो ती रक्कम तशी दाखवतो आणि शोध चालू ठेवतो.

घरातील मुलाने पुन्हा विचारले, तर त्याला सरळ सांगावे: "आकाशात आपला सूर्य एकच आहे. प्राचीनांनी दोन मानले, त्यामागे त्यांचाही विचार होता. तो आपण समजून घेऊ. आणि मुंगीला वाट द्यायची ती सूर्य एक असला तरी द्यायची, दोन असते तरी दिलीच असती." असे ऐकलेले मूल शाळेतही तेच बोलेल आणि देरासरातही तेच बोलेल.

२ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर आपल्या किनाऱ्यावरून खंडग्रास सूर्यग्रहण दिसण्याजोगे आहे, अर्थात श्रावणसरींनी वाट दिली तर. त्या दिवशी मुलांना ग्रहणासाठी बनवलेला चष्मा अवश्य द्यावा, कारण उघड्या डोळ्यांना सूर्याकडे पाहून होणारी इजा ही अंधश्रद्धा नाही. ज्यांना मौन पाळायचे त्यांनी मौन पाळावे. सुनेला मात्र पाणी द्यावे, गाळलेले.